मुंबई ते नागपूर : एका अंतराचं मनन

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापासून नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळापर्यंतचं हवाई अंतर सुमारे ६८५ किलोमीटर आहे. वेळापत्रकात या प्रवासाला साधारण दीड तास दिलेला असतो. एवढं कळलं की आपलं काम भागतं. आज थोडं थांबू या. निवांत बसा, पाठ टेकवा, श्वास आपल्या लयीने चालू द्या आणि हे दोन आकडे मनात धरून ठेवा. त्यांच्यातून घाईने काही काढायचं नाही. त्यांच्यात काय काय सामावलं आहे, ते एकेक करून बघायचं आहे.

आधी किलोमीटर. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरलेला असतो, साधारण धावपट्ट्यांच्या मध्याजवळ, आणि त्याचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात. मुंबईच्या बिंदूपासून नागपूरच्या बिंदूपर्यंत पृथ्वीच्या पाठीवरून जाणारी सर्वांत आखूड रेषा म्हणजे हे ६८५ किलोमीटर. तुमच्या घरापासून विमानतळापर्यंतचा रस्ता त्यात धरलेला नाही. पश्चिम द्रुतगती मार्गावरची संध्याकाळची गर्दीही धरलेली नाही, आणि ती कधी कधी विमानातल्या वेळाइतकाच वेळ खाते.

ही रेषा डोळ्यांसमोर आणा. नकाशावर ती सरळ दिसते, पण पृथ्वी गोल आहे, म्हणून रेषाही तिच्याबरोबर वाकलेली आहे. मुंबईहून नागपूरपर्यंत जमिनीच्या पोटातून खरोखर सरळ बोगदा खणता आला, तर ऐन मध्यावर तो जमिनीखाली नऊ किलोमीटरच्या वर खोल असेल. त्याच मध्यावर विमान जमिनीपासून साधारण दहा किलोमीटर उंच असतं. म्हणजे दोन शहरांच्या मध्ये पृथ्वीची पाठ जेवढी उचललेली आहे, जवळजवळ तेवढ्याच उंचीवरून आपण तिला ओलांडतो. मला हा हिशेब पहिल्यांदा सुचला तेव्हा पृथ्वी गोल असल्याचं जेवढं जाणवलं, तेवढं शाळेच्या पुस्तकातल्या चित्रांनी कधी जाणवलं नव्हतं. हा मध्यबिंदू साधारण देऊळगाव राजाच्या आसपास पडतो. तिथे आपण सावकाश पोहोचू.

आता विमान सुटू द्या. नागपूर पूर्वेला आहे, पण मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि वर्षातला बराच काळ वारा समुद्राकडून येतो. विमानाला वाऱ्याला सामोरं जाऊन उडायचं असतं. म्हणून नागपूरला निघालेलं विमान बहुतेक वेळा आधी पश्चिमेला झेप घेतं. जुहूचा किनारा खालून सरकतो, अरबी समुद्र येतो, आणि मग एक मोठं वळण घेऊन विमान पूर्वेकडे तोंड करतं. जायचं एका दिशेला आणि निघायचं उलट दिशेने. दीड तासातली काही मिनिटं अशी जातात. ६८५ किलोमीटरच्या रेषेत ती कुठेच नाहीत, पण ती दिल्याशिवाय विमान वर चढत नाही. त्या वळणात घाई करू नका. समुद्र नीट बघून घ्या. पुढे त्याची गरज लागणार आहे.

वळण संपलं की खाली ठाण्याच्या खाड्या, मग मुरबाडकडचा भाग, उल्हास आणि काळू नद्यांचं खोरं. विमानतळापासून जेमतेम शंभर किलोमीटरवर सह्याद्रीची धार येते. रेषा तंतोतंत पाळली, तर आपण हरिश्चंद्रगडाच्या जवळून, कोकणकड्यावरून जातो. विमान अशी रेषा तंतोतंत पाळत नाही. हवाईमार्ग, हवामान आणि नियंत्रणकक्षाच्या सूचना यांमुळे ते इकडेतिकडे सरकतं. तरी डोंगराची ही धार कुठे ना कुठे ओलांडावीच लागते. डावीकडे कळसूबाई आणि भंडारदऱ्याचं पाणी, खाली कडे.

इथे जरा थांबा. या धारेच्या पश्चिमेला पडलेला पाऊस उल्हासमधून, वैतरणेतून, लहानसहान नद्यांतून त्याच समुद्राला मिळतो, जो काही मिनिटांपूर्वी तुमच्या पंखाखाली होता. धारेच्या पूर्वेला पडलेला पाऊस पाठ फिरवतो. प्रवरा त्याला घेते, प्रवरा गोदावरीला मिळते आणि गोदावरी थेट बंगालच्या उपसागराला. दोन थेंब एका कड्याच्या दोन बाजूंना पडतात आणि दोन समुद्रांना जातात. खिडकीतून बघताना तुम्ही ती धार एका श्वासात ओलांडता. श्वास आत घेताना कोकण, सोडताना घाटमाथ्यापलीकडचा देश.

यापुढे नागपूरपर्यंत तुमच्या खालचं बहुतेक पाणी गोदावरीचंच आहे. संगमनेरच्या पुढे प्रवरा ओलांडली, श्रीरामपूर मागे पडलं की गोदावरी. पुढे बुलढाणा जिल्ह्यात मेहकरच्या वरच्या अंगाला पैनगंगा, आणि शेवटी आर्वी आणि पुलगावच्या दरम्यान वर्धा. पैनगंगा वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि सिरोंच्यापाशी प्राणहिता गोदावरीला येऊन मिळते. वरून या नद्या एकमेकींना अनोळखी वाटतात, कारण त्यांच्यामध्ये कुठे कुठे दीड-दीडशे किलोमीटर कोरडी जमीन दिसते. त्यांचा संगम तुमच्या खिडकीच्या टप्प्यात नाही. पण तो आहे. मुंबई आणि नागपूर एकमेकांपासून दूर आहेत, हे जितकं खरं, तितकंच हे पाणी सह्याद्रीपासून गडचिरोलीपर्यंत एक आहे, हेही खरं. डोळे मिटायचे असतील तर आता मिटा आणि या नद्यांची नावं एकदा मनात घ्या. प्रवरा. गोदावरी. पैनगंगा. वर्धा.

पाण्याखाली खडक आहे. मुंबई विमानतळाच्या जवळच, अंधेरीत, गिल्बर्ट हिल नावाचा काळ्या खडकाचा उभा सुळका आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना तो घडला. नागपुरात सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे, तीही लाव्हाच्याच खडकाची. दख्खनचा हा काळा पाषाण नागपूरपर्यंत येतो आणि त्या शहरापाशीच संपू लागतो. शहराच्या पूर्वेला जुने, वेगळ्या जातीचे खडक सुरू होतात. म्हणजे हा सगळा प्रवास एकाच दगडावरचा आहे, एका टोकापासून जवळजवळ दुसऱ्या टोकापर्यंत. रंग मात्र बदलत राहतात. कोकण ओलं, घाटाच्या पलीकडे संगमनेर-सिन्नरचा पर्जन्यछायेतला भुरा पट्टा, मराठवाड्याची करडी काळी रानं, आणि वऱ्हाडात गेल्यावर पुन्हा पाऊस वाढत जातो तशी जमीन भरते. दुष्काळ आणि सुकाळ यांच्या सीमा खिडकीतून दिसतात, आणि त्या सीमांवर माणसं राहतात.

छत्रपती संभाजीनगरपाशी देवगिरीचा डोंगर ओळखू येतो. त्यानंतर उजवीकडे बघत राहा. जालना, सिंदखेड राजा. मग तो मध्यबिंदू. आणि त्याच्या पुढे, हवा स्वच्छ असेल तर, उजव्या हाताला तीसेक किलोमीटरवर लोणार. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं एक वर्तुळ. आकाशातून आलेला दगड या काळ्या खडकावर आदळला आणि ही खोलगट वाटी झाली. रस्त्याने लोणारला गेलेला माणूस काठावर उभा राहतो तेव्हा त्याला एक सरोवर दिसतं, झाडी दिसते, देवळं दिसतात. वर्तुळ पुरतं दिसायला उंचीच लागते. दहा किलोमीटर वरून बघणाऱ्याला माणसं दिसत नाहीत आणि काठावर उभ्या असलेल्याला आकार दिसत नाही. अंतर काही गोष्टी काढून घेतं आणि काही गोष्टी देतं. दोन्ही स्वीकारून बघत राहायचं.

मध्यावर आलोच आहोत, तर वर-खालीही एकदा लक्ष द्या. आकाशातल्या पातळ्या ठरलेल्या असतात. पूर्वेकडे जाणारी विमानं विषम आकड्यांच्या उंचीवर, पश्चिमेकडे जाणारी सम आकड्यांच्या. तुम्ही ३३ हजार फुटांवरून नागपूरला जात असाल, तर नागपूरहून मुंबईला येणारं कुणी ३४ किंवा ३२ हजार फुटांवर असतं. तुमच्यामध्ये हजार फूट, म्हणजे सुमारे तीनशे मीटर हवा. दोघांचे वेग एकत्र धरले तर ताशी दीड हजार किलोमीटरच्या पुढे जातात, म्हणून दिसलं तरी ते विमान क्षणभरच दिसतं. त्यात कुणी परीक्षेला चाललेला असेल, कुणी बाळंतिणीला भेटायला, कुणी मातीला. त्या अनोळखी माणसांसाठी एक श्वास द्या आणि पुढे चला.

आता दुसरा आकडा, दीड तास. ताशी आठशे किलोमीटरच्या वेगाने ६८५ किलोमीटर कापायला एक तासही लागायला नको. उरलेला वेळ जातो कुठे? वेळापत्रकातला वेळ दारापासून दारापर्यंतचा असतो. विमान जागेवरून मागे ढकललं जातं तेव्हा तो सुरू होतो आणि पलीकडे जागेवर उभं राहतं तेव्हा संपतो. त्यात धावपट्टीपर्यंत रांगेने जाणं आलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि रांग लांबते. त्यात समुद्रावरचं ते वळण आलं, वर चढतानाचा कमी वेग आला आणि कारंजा लाडच्या आसपास सुरू होणारी लांबलचक उतरणही आली. वाराही त्यात आहे. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, तेव्हा नागपूरला जाताना ते पाठीशी असतात आणि परत येताना समोरून येतात. म्हणून जातानाचा आणि येतानाचा वेळ सारखा नसतो. रांगेत उभ्या असलेल्या विमानात जीव कासावीस होतो, तेव्हा हे आठवून बघा. त्या थांबलेल्या मिनिटांतही कुणी तरी तुमच्यासाठी आकाशात जागा करत असतं.

घड्याळ बाजूला ठेवलं तर आणखी एक वेळ हाती येतो, सूर्याचा. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशांत सहा अंशांपेक्षा थोडा जास्त फरक आहे आणि दर अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो. म्हणून नागपूरला ऐन दुपार मुंबईच्या सुमारे २५ मिनिटं आधी होते. आपली सगळ्यांची घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर लावलेली आहेत. त्या घड्याळाच्या मागे नागपूरचा सूर्य १४ मिनिटं चालतो आणि मुंबईचा ३९ मिनिटं. मुंबईने आपला हा सूर्य बराच काळ सोडला नव्हता. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली, तरी मुंबईत १९५५ पर्यंत वेगळी ‘बॉम्बे टाइम’ चालत होती.

संध्याकाळचं विमान धरा आणि हा फरक अंगावर घ्या. आपल्या अक्षांशावर पृथ्वी ताशी सुमारे १५७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते. नागपूरला जाताना तुम्हीही पूर्वेकडे, म्हणजे रात्रीच्या दिशेने जात असता. संधिप्रकाश झपाट्याने संपतो, दीडपट वेगाने. परत येताना उलटं घडतं. तुम्ही मावळत्या सूर्याच्या मागे लागलेले असता, आणि विमान पृथ्वीच्या निम्म्या वेगाने का होईना, तिच्या फिरण्याच्या विरुद्ध चाललेलं असतं. संध्याकाळ लांबते, क्षितिजावरचा तांबूस पट्टा जवळजवळ दुप्पट वेळ टिकतो. ज्यांना दिवस कसा संपतो हे बघायलाही वेळ मिळत नाही, त्यांनी नागपूर-मुंबई विमानात पश्चिमेकडचं आकाश दिसेल अशी जागा एकदा घ्यावी. एवढी दीर्घ संध्याकाळ जमिनीवर मिळत नाही.

या अंतरावर रात्रीनेही एकेकाळी मोठं काम केलं आहे. १९४९ साली रात्रीची विमानटपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री विमानं निघत आणि मध्यरात्रीनंतर नागपूरला एकत्र येत. तिथल्या सोनेगावच्या धावपट्टीवर टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परत. मुंबईहून दुपारी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याला पोहोचे. डाकोटा विमानांना आजच्या दीड तासाच्या जागी किती तरी जास्त वेळ लागे, वैमानिकाच्या हाताशी आजची साधनं नव्हती, पावसाळ्यात ढग चुकवायला आजची उंचीही नव्हती. नागपूर तेव्हा चार शहरांपासून साधारण सारखंच लांब होतं, म्हणून चौघांच्या सोयीचं होतं. देशातल्या लाखो घरांच्या बातम्या, मनीऑर्डरी, लग्नपत्रिका, मरणाच्या तारेमागून आलेली पत्रं, सगळं त्या धावपट्टीवर घटकाभर एकत्र पडलेलं असे. हे चित्र मनात जितका वेळ टिकेल, तितका वेळ टिकू द्या.

नागपुरात विधानभवनापासून जवळ झिरो माइलचा दगड आहे. लोक त्याला देशाचा मध्यबिंदू मानतात. प्रत्यक्षात ती इंग्रजी सर्वेक्षणाच्या काळातली खूण आहे. तिच्यावर काही गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत: हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतुल. मुंबई त्यात नाही. ज्यांनी तो दगड कोरला, त्यांच्या नागपूरला मुंबईचं अंतर लिहून ठेवायची गरज वाटली नव्हती. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. मग विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, आणि मुंबई-नागपूर हे अंतर एका राज्याच्या आतलं अंतर झालं. त्याआधी २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारात विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपूरला घेण्याचं ठरलं होतं. हे अधिवेशन आता डिसेंबरात भरतं आणि राज्याचं सरकार काही दिवसांसाठी हे ६८५ किलोमीटर पार करतं. विदर्भातला माणूस ‘मुंबई लांब आहे’ म्हणतो तेव्हा तो किलोमीटर मोजत नसतो. त्याचं म्हणणं दीड तासाच्या विमानाने खोटं ठरत नाही. खाली यवतमाळ, वाशीम, अमरावतीची कपाशी असते आणि तिच्याबद्दलचे निर्णय घेणारी माणसं तिच्यावरून दहा किलोमीटर उंचीने जात असतात. हे मनन करताना मन जड झालं, तर होऊ द्या.

दीड तास सगळ्यांसाठी दीड तास नसतो. परळच्या टाटा रुग्णालयाकडे निघालेला विदर्भातला रुग्ण बहुधा रेल्वेने जातो, सुमारे ८४० किलोमीटर, एक अख्खी रात्र. कसाऱ्याचा घाट उतरेपर्यंत उजाडलेलं असतं. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पुरता खुला झाला. तो ७०१ किलोमीटरचा आहे आणि त्याचा मार्ग आपल्या हवाई रेषेच्या अगदी जवळून जातो. तरी मोटारीने आठ तास. आणि दुसरीकडे, दान केलेलं हृदय शरीराबाहेर साधारण चार तासच तग धरतं. नागपुरात कुणी तरी जगाचा निरोप घेतलेला असतो, मुंबईला कुणी तरी वाट बघत असतं, आणि त्यांच्यामध्ये रस्ता चालत नाही, रेल्वे चालत नाही. तिथे हा दीड तास मोजून वापरला जातो. रुग्णालयापासून विमानतळापर्यंतचा रस्ता पोलीस मोकळा करून देतात. अशी विमानं नागपूरहून मुंबईकडे आलेली आहेत. रात्रभर गाडीत बसलेला रुग्ण आणि ते हृदय, दोघांनी पार केलेलं अंतर नकाशावर एकच आहे.

आता श्वासाकडे परत या. हातापायांचं भान येऊ द्या. तुम्ही विमानात नसाल, घरीच बसला असाल, तरी या प्रवासाला जो वेळ लागला असता, त्याचा काही भाग तुम्ही इथे दिला आहे.

एक विनंती. पुढच्या वेळी मुंबईहून नागपूरला जाल तेव्हा दिवसाचं विमान घ्या आणि उजवीकडची खिडकी मागा. पडदा ओढू नका, निदान सह्याद्री, गोदावरी आणि लोणार होईपर्यंत. शेजारी लहान मूल असेल तर त्याला आत खिडकीशी बसवा आणि नद्यांची नावं सांगा. पुलगावजवळ वर्धा ओलांडली की विमान बरंच खाली आलेलं असतं, शेतांचे बांध दिसू लागतात. बोर धरणाचं पाणी दिसलं, की नागपूर जेमतेम ४० किलोमीटर उरलेलं असतं.